शाकाहार चालेल, ‘शुद्ध’ चालणार नाही

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. सोलापूरकडून एक ज्येष्ठ कार्यकर्ते आमच्याकडे आले होते. त्यांना पवनीला नेले, जगन्नाथ टेकडीवरचे स्तूपाचे अवशेष दाखवले आणि अंधार पडता पडता भंडाऱ्याला परतलो. सोबत कॉलेजातली पाच पोरे होती. पोरांना पिझ्झा खायचा होता. सर मात्र वीस वर्षांपासून मांस-मासे खात नाहीत. कुणी सांगितले म्हणून नव्हे, विपश्यनेच्या पहिल्या शिबिरानंतर त्यांनी स्वतः ठरवले.

महामार्गालगतच्या त्या पिझ्झाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन वाढदिवस, पार्सलवाल्यांची रांग, दारात डिलिव्हरीच्या गाड्या. इथे व्हेज-नॉनव्हेज दोन्ही मिळते. वहीत नाव लिहून अर्धा तास थांबा म्हणाले. तेव्हा आमच्यातला एक पोरगा म्हणाला, “सर, मागच्या गल्लीत शुद्ध शाकाहारी पिझ्झा आहे. तिथं लगेच जागा मिळेल, तुम्हाला बरंही पडेल.” सर हसले. म्हणाले, “मला शाकाहारी पिझ्झा पाहिजे बाळा, शुद्ध कशाला पाहिजे?”

हा लेख त्या एका प्रश्नावर आहे.

आम्ही थांबलो. टेबल मिळाल्यावर सरांनी वाढणाऱ्या पोराला तीन प्रश्न विचारले. कापायचे कटर एकच आहे की वेगळे? चिकनचे तुकडे आणि भाज्या एकाच भांड्यातून घेता का? चीजच्या पाकिटावर हिरवी खूण आहे का? पोरगा आत जाऊन विचारून आला. “भट्टी एकच हाये जी. कटर अन् भांडे वेगळे हायेत. चीजवर हिरवा टिपका हाये.” सर म्हणाले, मग झाले. त्याच टेबलावर त्यांनी मक्याचा आणि ढोबळी मिरचीचा पिझ्झा खाल्ला, पोरांनी चिकनचा. कुणाचा धम्म बुडाला नाही.

या तीन प्रश्नांत शाकाहारी माणसाची सगळी खरी गरज येते. चीजचा प्रश्न तर पुष्कळांना माहीतही नसतो. दूध गोठवायला जे रेनेट वापरतात ते पूर्वी वासराच्या जठरातून काढत. इटलीतले अस्सल पार्मेझान आजही तसेच बनते. आपल्याकडे बहुतेक चीज सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटने बनते, म्हणून त्यावर हिरवी खूण येते. पाकिटावर हिरवे वर्तुळ म्हणजे शाकाहारी आणि तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी, असा कायदा आहे आणि तो योग्यच आहे. आपण काय खातो हे कळण्याचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे. शाकाहारी प्रवाशाला फसवून काही खाऊ घालणे हा अन्यायच आहे. इथपर्यंत आमचे कुणाशी भांडण नाही.

भांडण पुढे सुरू होते. आमच्या शेजारच्या टेबलावर एक कुटुंब बसायला आले. गृहस्थांनी पोरांच्या ताटल्यांकडे पाहिले आणि व्यवस्थापकाला मोठ्याने म्हणाले, “आम्हाला यांच्यापासून लांब बसवा, आम्ही प्युअर व्हेज आहोत.” त्यांच्या ताटात कुणी काही टाकलेले नव्हते. त्यांची ऑर्डरही अजून गेलेली नव्हती. त्यांना अडचण पदार्थाची नव्हती, ‘यांच्या’ जवळ बसण्याची होती. शाकाहार ताटात संपतो. ‘शुद्ध’ मात्र ताटाबाहेर येतो, खुर्ची मागतो, टेबल मागतो, मग खोली मागतो आणि शेवटी सोसायटीचे गेट मागतो.

आम्ही अतिशयोक्ती करतो आहोत असे वाटणाऱ्यांनी मुंबईच्या आयआयटीत काय झाले ते आठवावे. २०२३च्या जुलैमध्ये तिथल्या एका वसतिगृहाच्या उपाहारगृहात ‘इथे फक्त शाकाहारींनीच बसावे’ अशी पत्रके लागली. पुढे मेसमध्ये काही टेबले शाकाहारींसाठी राखून ठेवण्यात आली. त्या टेबलावर बसून मांसाहार करत निषेध नोंदवला म्हणून विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. देशातले सर्वांत हुशार समजले जाणारे डोके जिथे घडते, तिथे टेबलाला विटाळ होतो हे अधिकृतपणे मान्य झाले.

२०२४च्या मार्चमध्ये झोमॅटोने ‘प्युअर व्हेज’ ग्राहकांसाठी वेगळी फौज आणि वेगळा हिरवा गणवेश जाहीर केला. एका दिवसात गणवेश मागे घ्यावा लागला. का? कंपनीनेच कबूल केले की उद्या लाल शर्टवाल्या पोरांना मांसाहाराशी जोडून काही सोसायट्या अडवतील, त्यांच्या जिवाला धोका होईल. म्हणजे डब्यात काय आहे त्यावरून डबा वाहणाऱ्या माणसाची पायरी ठरेल, हे त्यांनाही कळत होते. शर्टाचा हिरवा रंग गेला, वेगळ्या फौजेची कल्पना मात्र राहिली.

मित्रहो, प्रवासी म्हटला की आम्हाला बाबासाहेब आठवतात. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरून वडिलांकडे बैलगाडीने निघालेली ती लहान मुले. त्यांच्याजवळ घरून आणलेले जेवण होते, पण पाणी द्यायला कुणी तयार नव्हते, म्हणून जेवणाचा डबा जवळ असून उपाशी झोपावे लागले. १९१७ साली अमेरिका-इंग्लंडहून शिकून आलेल्या त्याच माणसाला बडोद्यात एकही हॉटेल मिळाले नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नावाने राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढले. आज ‘शाकाहारी प्रवाशाचे कसे होईल’ ही काळजी सगळ्यांना आहे. नागपूर-रायपूर रस्त्यावर किती पाट्या ‘शुद्ध शाकाहारी’ म्हणून लागल्या आहेत ते एकदा मोजत जा. या देशात रस्त्यावर उपाशी राहण्याची भीती कुणाला होती, आणि ती भीती कुणाच्या ‘शुद्धते’मुळे होती, हा इतिहास त्या पाट्या पुसून टाकतात.

म्हणूनच संविधान लिहिताना कलम १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख झाला. विहिरी, तलाव आणि रस्ते त्याच कलमात आहेत. महाडचे चवदार तळे आणि कोपऱ्यावरचे हॉटेल हा एकच प्रश्न आहे. शाहू महाराजांना हे आधीच कळले होते. त्यांनी कोल्हापुरात गंगाराम कांबळेंना हॉटेल काढायला मदत केली, भर रस्त्यात गाडी थांबवून तिथला चहा प्याले आणि सोबतच्या सवर्णांनाही पाजला. भाषण देऊन जे झाले नसते ते एका कप चहाने केले.

आता कुणी म्हणेल, शाकाहार तर बुद्धाचा आहे, अहिंसा आपलीच आहे. आपल्यातलेही काही जण हे म्हणतात, म्हणून उत्तर देणे भाग आहे. देवदत्ताने तथागतांकडे पाच मागण्या केल्या होत्या. त्यातली एक अशी होती की भिक्खूंना मासे-मांस कायमचे बंद करावे. तथागतांनी ही सक्ती नाकारली. ज्याला पाळायचे त्याने पाळावे, असे सांगितले. आपल्यासाठी मारले गेले असे पाहिले, ऐकले वा तशी शंका आली तर ते मांस घेऊ नये, एवढीच मर्यादा ठेवली. आमगंध सुत्तात तर प्रश्नच सरळ आहे, माणूस कशाने अपवित्र होतो? उत्तर असे की खाण्याने नव्हे, वाईट कृत्यांनी. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये हा प्रसंग मुद्दाम घेतला आहे. आणि १९४८च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी मांडले की गोमांस खाणारे ब्राह्मण शाकाहारी झाले ते बौद्ध धम्माशी चाललेल्या वर्चस्वाच्या लढाईत, आणि गोमांस न सोडणाऱ्या आपल्या पूर्वजांवर अस्पृश्यता लादली गेली. करुणेतून आलेला शाकाहार आमच्या सरांचा आहे. वर्चस्वातून आलेला ‘शुद्ध’ शाकाहार वेगळा आहे. दोघांच्या ताटात एकच पिझ्झा असेल, म्हणून ते एक होत नाहीत.

ही शुद्धता या जिल्ह्यात तर मुळीच शोभत नाही. भंडारा हा भाताचा आणि तलावांचा जिल्हा. मामा तलावांतली आणि वैनगंगेतली मासोळी ढिवर बांधवांनी पकडायची, आयाबायांनी टोपलीत घेऊन बाजारात विकायची, त्यावर झाडीपट्टीतली पिढ्यान् पिढ्या घरे जगली. झिंग्यांच्या वासावर कुणी नाक मुरडतो तेव्हा तो या जिल्ह्याच्या अर्ध्याहून अधिक चुलींवर नाक मुरडतो. देशभरही वेगळे चित्र नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयातल्या सुमारे ८३ टक्के पुरुषांनी आणि ७१ टक्के महिलांनी आपण कधी ना कधी मासे, चिकन वा मांस खातो असे सांगितले. तरी ‘शुद्ध’ पाटी रस्त्याच्या दर्शनी भागात आणि मांसाहाराचे हॉटेल मागच्या गल्लीत, पडदा लावून. बहुसंख्य लोकांनी लाजत खायचे, हे कुणी ठरवले?

जेवण आटोपल्यावर तो वाढणारा पोरगा बिल घेऊन आला. आमच्यातल्या एकाच्या गळ्यातला निळा दुपट्टा पाहून हळूच ‘जय भीम’ म्हणाला. गर्दी थोडी ओसरली होती. तो जवळच्याच गावचा, बारावी झालेला. याआधी एका ‘शुद्ध शाकाहारी’ हॉटेलात काम करायचा. तिथे नोकरांचा डबाही शाकाहारीच पाहिजे असा नियम होता. एक दिवस आईने भातासोबत झिंग्याची चटणी दिली. “मालकानं डबा नालीत रिकामा कराले लावला जी. टेबल पुसून घेतला. मंग आडनाव विचारलं.” चौथ्या दिवशी त्याला कामावर येऊ नको म्हणून सांगितले. आठ महिने ज्या हातांनी त्याने गिऱ्हाइकांना पाणी दिले, ते हात एका चटणीने विटाळले. आम्ही तक्रारीबद्दल विचारले. म्हणाला, “नाव नोका घेऊ दादा. मोठी बहीण लग्नाची हाये, गावात राहाचं हाये.”

या जिल्ह्यात त्या भीतीला अर्थ आहे. २००६ सालचे खैरलांजी याच जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले. सन्मानाने जगू पाहणाऱ्या भोतमांगे कुटुंबाचे काय केले गेले ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. नालीत रिकामा झालेला डबा आणि खैरलांजी यांची बरोबरी आम्ही करत नाही. पण एखाद्या माणसाची पायरी कोणती, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मानणारे मन दोन्हीकडे तेच आहे.

आता थोडे आपल्याकडे पाहू. समाजशास्त्रात एम. एन. श्रीनिवास यांनी याला संस्कृतीकरण म्हटले. वरच्या जातींचे खाणेपिणे उचलून आपली पायरी वर नेण्याचा प्रयत्न. आपल्यातही तो शिरला आहे. लग्नाच्या बायोडाटात ‘शुद्ध शाकाहारी’ लिहिणारी शिकलेली पोरे आहेत. ऑफिसात डबा उघडताना झाकण अर्धे ठेवणारे आहेत. आम्हीही नागपूरच्या वसतिगृहात सुक्या मासोळीचा वास लपवायला उदबत्ती लावली आहे. तेव्हा त्याला आम्ही स्वच्छता म्हणत होतो. ती लाज होती, आणि ती दुसऱ्याने आमच्यात पेरलेली होती. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून आपल्या चुलींची ती लाज काढून टाकायला सुरुवात केली. ते पुस्तक प्रत्येक बुद्धविहाराच्या कपाटात असले पाहिजे.

आणि हे फक्त हॉटेलचे प्रकरण राहिलेले नाही. महाराष्ट्र सरकारने २०२३च्या नोव्हेंबरात शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे दिले आणि २०२५च्या जानेवारीत त्याचा निधी बंद केला, पाहिजे तर लोकवर्गणी करा म्हणून सांगितले. जे पोरगे पिझ्झाच्या दुकानात कधी जाणार नाही, त्याच्या ताटातून अंडे गेले. ज्यांच्या घरी पनीर आहे त्यांना काही फरक पडला नाही. ‘शुद्ध’तेची किंमत कोण मोजतो, ते यात दिसते.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे. हॉटेलात कुणी शाकाहारी सोबती असेल तर त्याच्यासाठी वेगळ्या कटरचा आग्रह धरा, हिरवी-तपकिरी खूण पाहा, त्याला टोमणे मारू नका. त्याचा हक्क तो आपलाही हक्क आहे. मात्र ‘शुद्ध शाकाहारी’ पाटी दिसली तर मालकाला नम्रपणे विचारा, ‘शाकाहारी’ एवढे पुरत नाही का? खुर्ची बदला म्हणणाऱ्याला कलम १५ सांगा. तिथे काम करणाऱ्या पोराला विचारा, तुझा डबा कुठे खातोस? आपल्या लग्नपत्रिकेतून आणि बायोडाटातून तो शब्द आधी काढा. १४ एप्रिलच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या भोजनदानात कुणी काय खावे यावरून कुणाला खाली पाहायला लावू नका.

निघताना सरांनी त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारले, “आज डब्यात काय आणलंस?” तो म्हणाला, “मासोळी अन् भात.” “कुठं खातोस?” “आतमंदी, सगळ्यांसंग बसून.” सर म्हणाले, मग या दुकानाचा पिझ्झा चांगला आहे.

जय भीम!