घराच्या कागदावर सही करण्याआधी

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपले जुने लोक म्हणत. आता शहरातला कष्टकरी माणूस घर बांधत नाही, तो बिल्डरकडून घेतो. बांधण्याचा त्रास वाचला, पण त्याच्या जागी कागदांचा जाडजूड गठ्ठा आला. हा गठ्ठा वाचतो कोण? आमचा अनुभव असा, की बहुतेक घरांत तो कोणीच वाचत नाही. बिल्डरच्या ऑफिसातला पोरगा पेन्सिलीने फुल्या मारून देतो आणि आपण त्या त्या जागी सह्या करीत जातो. जन्मभराची कमाई अशी अर्ध्या तासात दुसऱ्याच्या हाती जाते.

म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, या वेळी आम्ही बांधकामाच्या कायद्याचे काम करणाऱ्या वकिलांविषयी लिहीत आहोत. वकील म्हटले की कोर्ट, तारखा आणि खर्च, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु या वकिलाचे खरे मोलाचे काम कोर्टाची पायरी चढण्याआधीच होते. ते कसे, हे आम्ही जवळून पाहिले.

झाले असे. आमच्या ओळखीचे एक काका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून अठरा लाख हाती आले. कल्याणच्या पलीकडे सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांनी पसंत केला. किंमत बत्तीस लाख. एक्कावन्न हजारांचा चेक देऊनही झाला होता. पुढच्या आठवड्यात आठ लाख भरा, पावती देतो, करारनामा सावकाश करू, असे बिल्डरने सांगितले. काका तयार होते. काकू मात्र अडून बसल्या. "आठ लाखांची नुसती पावती? आधी कुणाला तरी दाखवा," त्या म्हणाल्या. अशा रीतीने आम्ही तिघे एका वकीलबाईंकडे गेलो.

काकांनी जाताच विचारले, "मॅडम, वकील केला म्हणजे कोर्टकचेरी आलीच ना?"

"काका, ती येऊ नये म्हणून तर तुम्ही आज आलात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद पुढे ओढले.

पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, "रेराचा नंबर कुठे आहे?" तो लवकरच येणार आहे, असे बिल्डरने सांगितले होते. बाईंनी मान हलवली. रेरा म्हणजे २०१६ चा स्थावर संपदा कायदा. आपल्या राज्यात त्यासाठी महारेरा हे प्राधिकरण २०१७ पासून काम करते. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरे आठपर्यंत असतील, तर नोंदणीतून सूट आहे. त्याहून मोठ्या कामाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातही करता येत नाही, मग बुकिंग कसले? दुसरे असे, की लेखी करारनामा करून तो नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. बत्तीस लाखांचे १० टक्के म्हणजे तीन लाख वीस हजार. आठ लाख मागणेच मुळात कायद्याबाहेरचे होते.

पण नंबर मिळाला म्हणजे सगळे आलबेल, असेही समजू नये. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींचे प्रकरण आठवा. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवली गेली होती. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्यांत घरे घेणारी माणसे तुमच्या-आमच्यासारखीच होती, कित्येकांच्या डोक्यावर बँकेचे कर्ज होते. नंबर होता, पण त्यामागचा कागद खोटा होता.

म्हणून जाणता वकील झेरॉक्सवर विश्वास ठेवत नाही. तो मूळ ठिकाणी जातो. जमीन कुणाची, हे सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर पाहतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मागच्या तीस वर्षांचे व्यवहार तपासतो. जमीनमालकाने बिल्डरला बांधण्याचा हक्क कोणत्या कराराने दिला, ते वाचतो. नगररचना विभागात जाऊन परवानगी खरी आहे का आणि किती मजल्यांची आहे, याची खात्री करतो. काकांच्या बाबतीत हेच निर्णायक ठरले. तिथल्या नगरपालिकेत चौकशी केली तेव्हा मंजुरी चार मजल्यांचीच निघाली. काकांचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर होता! कागदावर ते घर नव्हतेच.

बाईंनी बिल्डरला नोटीस पाठवली. एक्कावन्न हजार परत आले, पण दोन हप्त्यांत, आणि दुसऱ्या हप्त्यासाठी आठ महिने खेटे घालावे लागले. आठ लाख दिले असते तर काय झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

कागद खरे निघाले तरी वकिलाचे काम संपत नाही, करारनामा वाचायचा असतो. घराचे क्षेत्र कार्पेट एरियात लिहिले आहे का? ताब्याची तारीख स्पष्ट आहे का? उशीर झाला तर कोण काय देणार? गुरुग्राममधील एका फ्लॅटच्या करारात खरेदीदाराने उशीर केला तर १८ टक्के व्याज आणि बिल्डरने ताबा दिला नाही तर परताव्यावर ९ टक्के, अशी कलमे होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असा एकतर्फी करार खरेदीदारावर बंधनकारक नाही, असा निकाल दिला. रेरा कायद्यातही दोघांसाठी व्याजाचा दर एकच आहे. ताबा वेळेवर मिळाला नाही तर व्याजासह पैसे परत मागता येतात, किंवा घर ठेवून उशिराच्या प्रत्येक महिन्याचे व्याज घेता येते. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. भिंतीला तडा गेला की गवंडी बोलावण्याआधी फोटो काढून बिल्डरला लेखी कळवावे.

आता कुणी म्हणेल, हे सगळे खरे, पण वकिलाची फी कुठून आणायची? इथे आपल्या माणसांना एक गोष्ट माहीत असायलाच हवी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला, म्हणून ज्यांच्याकडे तसा दाखला आहे त्यांनाही हा हक्क आहे. या मदतीत कोर्टातला वकील येतो, तसा सल्लाही येतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. शिवाय महारेरापुढे आपली तक्रार आपण स्वतःही मांडू शकतो, वकील हवाच असे नाही.

काका-काकूंनी पुढे दीड वर्षाने दुसरीकडे एक खोली-स्वयंपाकघराचे घर घेतले. आधीच्यापेक्षा लहान, पण कागद चोख. करारनाम्यावर पहिली सही काकूंनी केली. त्याआधी मुलीकडून त्यांनी तो पानन् पान वाचून घेतला होता. दोन संध्याकाळी लागल्या.

चाळीच्या पुनर्विकासाचा प्रश्न वेगळा आहे, त्यावर पुढे केव्हातरी लिहू. तूर्त एवढेच सांगतो: बिल्डर घाई करू लागला की आपण सावकाश व्हावे. "कागद घरी नेऊन वाचतो," असे म्हणायला लाजू नये. जो कागद घरी नेऊ देत नाही, त्याला आपली कमाई देऊ नये.