पाय मुरगळला, पण कितपत?

शालेय क्रीडास्पर्धांचे दिवस आले की आमच्या पूर्णगडातही कबड्डी, खो-खो आणि टेनिस बॉल क्रिकेटचा सराव रंगतो. जांभ्याच्या उंचसखल जमिनीवर घोटा मुरगळणे ही काही नवलाची गोष्ट नाही. मूल लंगडत घरी आले की अब्बा म्हणतात, "चाल थोडा, सुटेल आपोआप." दादी तेल गरम करायला घेते. पण लचक कितपत आहे, हे आधी कोणी पाहत नाही.

नुसत्या नजरेने ते कळतही नाही. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे बांगलादेशाविरुद्धच्या विश्वचषक सामन्यात हार्दिक पंड्या चेंडू पायाने अडवायला गेला आणि त्याचा डावा घोटा दुखावला. उठून त्याने पुन्हा गोलंदाजी करून पाहिली, जमली नाही. षटकाचे उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले. काही सामन्यांनंतर तो परतेल अशी आशा होती. ४ नोव्हेंबरला तो स्पर्धेबाहेर गेल्याचे जाहीर झाले.

घोट्याची हाडे लिगामेंट नावाच्या चिवट पट्ट्यांनी बांधलेली असतात. पाऊल आत वळले की बाहेरच्या बाजूची पट्टी ताणली जाते. ती नुसती ताणली तर पहिली पायरी: थोडी सूज, चालता येते, एक ते तीन आठवड्यांत आराम. अर्धवट फाटली तर दुसरी: जास्त सूज, काळेनिळे डाग, लंगडणे, तीन ते सहा आठवडे. पूर्ण तुटली तर तिसरी: सांधा सैल होतो, पाय टेकवत नाही आणि बरे व्हायला महिने लागतात.

हाड मोडले आहे का, हे मात्र त्याच दिवशी पाहावे. त्यासाठी कॅनडातील ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये सोपे नियम मांडले. जगभरचे डॉक्टर आज ते वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंची उंच हाडे टोकापासून सहा सेंटिमीटर वरपर्यंत, मागच्या कडेने बोटाने दाबावीत. पावलाच्या बाहेरच्या कडेचे मधले उंच हाड आणि आतल्या बाजूचे, घोट्यापुढचे हाडही दाबावे. यांपैकी कुठेही नेमके हाडावर दुखले, किंवा पडल्यावर लगेच आणि नंतरही, लंगडत का होईना, चार पावले टाकता आली नाहीत, तर पावसमार्गे रत्नागिरी गाठून एक्स-रे काढावा. पाऊल वाकडे दिसले, बधिर किंवा थंड पडले, तर तपासत बसू नये, लगेच निघावे.

वाढत्या वयाच्या मुलामुलींना जास्त जपावे. त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा कोवळा भाग असतो. लचक वाटते तिथे कधी कधी त्यालाच इजा झालेली असते. म्हणून हाडावर दुखत असेल तर "मुलगीच आहे, घरीच बसेल" असे म्हणून दुखणे अंगावर काढू नये.

पहिले दोन दिवस मालिश आणि गरम शेक नको. त्याने सूज वाढते. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, क्रेप बँडेज बांधावे, पाय उशीवर उंच ठेवावा. नमाजमध्ये पाय दुमडून बसणे दुखत असेल तर खुर्चीवर बसून नमाज पढण्याची सवलत आहेच. सूज आणि दुखण्यामुळे पहिल्या दिवशी पट्टी कितपत फाटली हे डॉक्टरांनाही नीट कळत नाही. चार-पाच दिवसांनी पुन्हा दाखवावे.

दुखणे थांबले म्हणजे मैदानात उतरायचे, असे नाही. एका पायावर तोल सांभाळता आला, त्याच पायावर उड्या मारता आल्या, आधी सरळ आणि मग वळणे घेत न दुखता धावता आले, तरच खेळू द्यावे. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते. दात घासताना रोज एका पायावर उभे राहण्याचा सराव केला तर ती कमी होते. सामना पुढच्या वर्षीही असतो. घोटा मात्र जन्मभर वापरायचा आहे.