पोरांना पेटीतला अभ्यासक्रम नको, शाळेच्या रजिस्टरवर नाव हवं

गेल्या महिन्यात रविवारची वंदना संपल्यावर विहारात एक जोडपं आमच्यासाठी थांबलं होतं. दादा महापालिकेत नोकरीला, ताई एका खासगी रुग्णालयात नर्स. मुलं तीन. थोरली १३ वर्षांची, मधला ९ चा, धाकटी ५ ची. ताईंच्या हातात प्रिंट काढलेल्या कागदांची जाडजूड फाईल. म्हणाल्या, "मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवलंय. होमस्कूलिंग. यातला कुठला अभ्यासक्रम घेऊ? तिघांची वयं वेगळी. एकच चालेल का तीन वेगळे घ्यावे लागतील?"

फाईल उघडण्याआधी आम्ही कारण विचारलं. थोरली एका अनुदानित शाळेत आठवीला आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेताना वर्गशिक्षिकेने भर वर्गात सांगितलं, "एससीवाले उभे राहा." चार मुलं उभी राहिली. मागच्या बाकावरून आवाज आला, "यांना सगळं फुकट." वर्ग हसला. बाईही हसल्या. तेव्हापासून शाळेचं नाव काढलं की पोरीच्या पोटात दुखतं. आईबाप मुख्याध्यापकांना भेटले, तर उत्तर मिळालं, "एवढं मनाला लावून घेऊ नका."

ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील आम्ही बदलले आहेत. पण वर्षभरात हाच प्रश्न घेऊन आलेलं हे तिसरं कुटुंब. आपल्यातला जो वर्ग शिकून नोकरीला लागला, त्याच्या घरापर्यंत होमस्कूलिंगचं वारं पोचलं आहे. म्हणून उत्तर जाहीरच देतो.

आधी एक स्पष्ट करू. या आईबापांना आम्ही दोष देत नाही. दोष हसणाऱ्या बाईंचा आणि हात झटकणाऱ्या मुख्याध्यापकांचा आहे. लेकराचा अपमान बघून ज्याचं रक्त उसळत नाही तो बाप कसला? पण राग खरा असला म्हणून रागात धरलेली वाट बरोबर ठरत नाही.

होमस्कूलिंग म्हणजे काहीतरी नवं, मुक्त, पुढारलेलं, असं सांगितलं जातं. आम्ही विचारतो, या देशात ते नवं कसं? शेकडो वर्षं इथे घरातच शिक्षण झालं. भटाचा पोरगा बापाकडून मंत्र शिकला, सावकाराचा वहीखातं शिकला, कुंभाराचा चाक फिरवायला शिकला, आणि आमचा पोरगा मेलेलं ढोर ओढायला शिकला. कुणी काय शिकायचं हे जन्मलेल्या घरावरून ठरत होतं. जात म्हणजे तरी दुसरं काय? घर हीच शाळा, बाप हाच मास्तर, आणि त्या शाळेतून बाहेर पडायची परीक्षाच नाही.

ही घरशाळा मोडली आपल्या महापुरुषांनी. १८४८ साली पुण्यात जोतिबा आणि सावित्रीमाईंनी मुलींची शाळा काढली. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतिबांनी मागणी केली की किमान १२ वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. संविधानाच्या कलम ४५ ने १४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली. २००२ च्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी तो मूलभूत हक्क झाला, आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्या कायद्याचं कलम १० सांगतं की मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे. घरातून वर्गापर्यंत यायला आपल्याला इतका काळ लागला. आता एका बाईच्या हसण्यावरून आपणच परत घरात जायचं?

इथे कुणी विचारेल, सावित्रीमाई घरीच शिकल्या ना? रामजी सुभेदारांनी भीमरावांचा अभ्यास घरीच घेतला ना? बरोबर आहे, पण पुढचंही सांगा. सावित्रीमाई घरी शिकल्या कारण त्यांच्यासाठी शाळेचं दार उघडंच नव्हतं. आणि शिकल्यावर त्या घराबाहेर पडल्या आणि दुसऱ्यांच्या मुलींसाठी शाळा चालवली. रामजीबाबा परळच्या चाळीतल्या एका खोलीत पहाटे उठवून पोराचा अभ्यास घेत, पण सकाळी त्याला शाळेतच पाठवत. त्याआधी साताऱ्याच्या शाळेत याच पोराला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं. पाण्याच्या नळाला हात लावता येत नव्हता, शिपाई नसेल तर तहानलेलं राहावं लागे. आजच्या आपल्या कुठल्याही मुलापेक्षा तो अपमान मोठा होता. तरी बापाने नाव काढलं नाही. घरचा अभ्यास शाळेच्या जोडीला होता, शाळेच्या जागी नव्हता.

आता त्या फाईलकडे येऊ. निम्मी पानं अमेरिकन संचांची. इयत्तावार पुस्तकं, वर्कशीट आणि पालकांसाठी मार्गदर्शिका एका पेटीत भरून विकतात. यातले कितीतरी संच ख्रिस्ती धर्मश्रद्धेच्या चौकटीत लिहिलेले आहेत आणि काहींमध्ये उत्क्रांतिवादच नाकारलेला आहे. ज्यांनी २२ प्रतिज्ञा घेतल्या, त्यांनी डॉलर मोजून दुसऱ्यांचं पुराण घरात आणायचं? बाकी पानं माँटेसरी साहित्याची, किमतींसकट. मारिया माँटेसरींनी पहिलं बालगृह १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत काढलं. वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र शिकतात, मोठ्याकडे बघून लहान शिकतं, ही त्यांच्या पद्धतीतली मोठी गोष्ट. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत, अंगणात आणि कुरणात बालशिक्षण नेलं, तेही हाताशी मिळेल त्या साहित्यातून. कामगारांच्या आणि आदिवासींच्या पोरांसाठी वाढलेली गोष्ट आता आपल्यालाच पेटीत घालून महाग विकतात.

फाईलमध्ये अमेरिका होती म्हणून तिथलीच एक गोष्ट ताईंना सांगितली. काळ्या-गोऱ्या मुलांनी एकाच शाळेत बसावं असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तो मानायचा नाही म्हणून १९५९ साली सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या. त्या १९६४ पर्यंत बंद राहिल्या. गोऱ्यांनी आपल्या मुलांसाठी खासगी शाळा काढली. काळ्यांची बहुतेक मुलं चार वर्षं शाळेविना राहिली. सार्वजनिक शाळा सोडून जाण्याची ऐपत कुणाची आणि ती बंद पडल्यावर मरतं कोण, हे यातून कळतं. आज तिथले काही काळे आईबाप वंशद्वेषाला कंटाळून मुलांना घरी शिकवतात हे आम्हाला माहीत आहे. त्यांची वेदना आपलीच आहे. पण आपण शाळा सोडली की त्या वर्गात हसणाऱ्याला थांबवायला कुणीच उरत नाही.

आता कागदाचा प्रश्न. पेटी विकणारे यावर एक शब्द बोलत नाहीत, कारण त्यांना तो कधी पडलाच नाही. आपल्या पोराला जातीचा दाखला काढताना आणि जातपडताळणी समितीपुढे शाळा सोडल्याचा दाखला लागतो. त्यावरची जातीची आणि जन्मतारखेची नोंद हा महत्त्वाचा पुरावा असतो. थोरल्या दोघांची नावं रजिस्टरवर चढली तरी आहेत. धाकटीचं चढणारच नसेल तर १८ व्या वर्षी ती काय दाखवणार? राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, महाराष्ट्राचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, दहावी-बारावीला १७ नंबरचा फॉर्म आहे. हे मार्ग गरजेचे आहेत. शाळा सुटली, कामाला लागावं लागलं, अशा मुलांसाठी ते आहेत. शाळेत असलेल्या मुलाने आपण होऊन त्या रांगेत का उभं राहायचं?

आणि शेवटचा प्रश्न आम्ही दादांना विचारला. घरी शिकवणार कोण? त्यांनी ताईंकडे बघितलं. म्हणजे ताईंची नोकरी जाणार. तिच्या आजीने दुसऱ्यांची धुणीभांडी केली, आईने अंगणवाडीत काम केलं, तेव्हा ही नर्स झाली. तीन पोरं, तीन इयत्ता, स्वयंपाक, आणि वर मास्तरकी. ती थकली की धाकट्यांना सांभाळायला थोरली. एका पिढीत दोन बायका परत चुलीपाशी. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपदावर पाणी सोडणाऱ्या माणसाचा फोटो भिंतीवर लावून हे करायचं?

मग काय करायचं? पोरगी शाळेत परत जाईपर्यंतचे दिवस आणि त्यानंतरची प्रत्येक संध्याकाळ, यासाठी आम्ही त्यांना हे सांगितलं.

अभ्यासक्रम बालभारतीचाच ठेवा. स्वस्त आहे, शाळेशी जोडलेला आहे, आणि पुस्तकाच्या सुरुवातीलाच उद्देशिका छापलेली असते. त्यात जे कमी आहे ते आपण भरायचं. दिल्लीत बनणाऱ्या पुस्तकांवर विसंबू नका. एनसीईआरटीने बारावीच्या राज्यशास्त्रातून जनआंदोलनांचा धडा काढला, त्यात दलित पँथर होती.

गणित आणि भाषा प्रत्येकाची वेगळी. इयत्ता बघू नका, मूल कुठे अडलंय ते बघा. पाच वर्षांच्या मुलीला गोष्टी, गाणी, चिंचोके मोजणं पुरे. नऊ वर्षांच्या मुलाला रोज मोठ्याने मराठी वाचू द्या, पाढे आणि थोडं इंग्रजी. तेरा वर्षांच्या मुलीचं गणित, विज्ञान, इंग्रजी एक दिवसही चुकवू नका.

बाकीचं तिघांना एकत्र शिकवा. उदाहरणार्थ महाडचं चवदार तळं. धाकटीला विचारा, पाणी कुणाचं? मधल्याला नकाशात महाड शोधू द्या, २० मार्च १९२७ पासून आजपर्यंत किती वर्षं झाली याची वजाबाकी करू द्या. थोरलीला सांगा की १९२३ साली विधिमंडळात बोले ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं, तरी पाणी प्यायला सत्याग्रह का करावा लागला? आणि कोर्टातला निकाल लागायला १९३७ का उजाडलं? कागदावर हक्क मिळाला तरी तो उभं राहून घ्यावा लागतो, हे तिला आज कळायलाच हवं. तिच्या वर्गात तेच घडलं आहे.

आणि हे एकट्याच्या घरात करू नका. विहारात करा, वस्तीतली पोरं बोलवा. जॉन ड्यूई हे कोलंबियात बाबासाहेबांचे गुरू. शाळा म्हणजे एकत्र जगायचा सराव, असं ते मानत. तो सराव बंद खोलीत होत नाही.

शाळेचं काय झालं? पुढच्याच आठवड्यात अकरा पालक सहीचा अर्ज घेऊन गेले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलाच्या मानसिक छळाला बंदी आहे, ते त्यात लिहिलं. अर्जाची पोच घेतली, एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीला दिली. आता शिष्यवृत्तीचे अर्ज कार्यालयात एकेकाला बोलावून भरले जातात. बाईंनी अजून माफी मागितलेली नाही. ती मागितल्याशिवाय आम्ही विषय सोडणार नाही. पोरगी शाळेत जाते आहे. आनंदाने जाते असं म्हणणार नाही, पण आता ती एकटी नाही हे तिला माहीत आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरवर १९१४ क्रमांकाला एक नाव चढलं, भिवा रामजी आंबेडकर. त्या एका नोंदीने काय घडलं ते देश जाणतो. तुमच्या लेकराचं नाव रजिस्टरवरून खोडायच्या आधी ती नोंद आठवा, आणि संध्याकाळी पोरांना घेऊन विहारात या. आम्ही तिथेच असतो.

जयभीम!