आधी कानाची तपासणी, मग यंत्र



घरातल्या वडीलधाऱ्यांना कमी ऐकू येऊ लागले की ते हळूहळू चारचौघांत बसणेच सोडतात. मग शहरातला मुलगा कानात घालायचे बिनतारी इअरबड्स आणून देतो. हेतू चांगला, पण ही वस्तू मुळात गाणी ऐकण्याची आणि फोनवर बोलण्याची. तिला श्रवणयंत्र समजू नये.

अपवाद आहे. ॲपलच्या एअरपॉड्स प्रो 2 मधील श्रवणयंत्राच्या सोयीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर 2024 मध्ये मान्यता दिली. मात्र ती सौम्य ते मध्यम बहिरेपण असलेल्या प्रौढांसाठीच. शिवाय त्याच कंपनीचा महागडा फोन किंवा टॅबलेट हवा, आणि सुमारे 6 तासांनी चार्जिंग करावे लागते.

श्रवणयंत्राचे तसे नाही. माती तपासून खताची मात्रा ठरवावी, तसा कान तपासून कोणता आवाज किती वाढवायचा हे तज्ज्ञ ठरवतो. ते दिवसभर चालते आणि जास्त बहिरेपणातही उपयोगी पडते.

म्हणून आधी जिल्हा रुग्णालयात कान तपासून घ्या. कधी नुसता मळच साचलेला असतो. कान वाहत असेल तर त्यात तेल ओतू नका. एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर एक दिवसही दवडू नका.

दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना 2017 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मोफत मिळू शकते. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. तोवर आजोबांशी समोर बसून, सावकाश बोला.