सभेंत कोण बोलतो ?

आमचे विद्यार्थी लवकरच महाविद्यालयांत जातील. तेथें विद्वत्ता मिळेल. परंतु चार माणसांस बरोबर घेऊन काम करण्याची विद्या त्यांस कोण शिकविणार? बहुतेक ठिकाणीं ती वक्तृत्वस्पर्धेवर सोंपविलेली असते. हें मला पुरेसें वाटत नाहीं. स्पर्धेंत मनुष्य जिंकावयास शिकतो. पुढाऱ्यास आधीं ऐकावयास शिकावें लागतें.

मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेंतील मंडळींनीं इ. स. १८४८ सालीं 'स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापिली. निबंध वाचावा व त्यावर चर्चा करावी, हा तिचा क्रम. स्त्रीशिक्षणाची चर्चा तेथें शब्दांतच राहिली नाहीं. १८४९ सालीं सभासदांनीं मुलींच्या शाळा उघडल्या व स्वतः विनावेतन शिकविलें. त्यांत तरुण दादाभाई नौरोजी होते. तेच पुढें १८९२ सालीं ब्रिटिश पार्लमेंटांत निवडून गेले.

माझी सूचना साधी आहे. आठदहा विद्यार्थ्यांची मंडळी करावी. अध्यक्ष दर खेपेस बदलावा. सर्वांचें बोलणें एकदां झाल्यावांचून कोणीं दुसऱ्यांदा बोलूं नये. दुसऱ्याचें मत खोडण्यापूर्वीं तें त्यास मान्य होईल अशा शब्दांत सांगावें. शेवटीं काय ठरलें व तें कोण करणार, हें लिहून ठेवावें. आणि पुढील सभेचा आरंभ त्याच टिपणानें व्हावा.

मी स्वतः पुष्कळ वर्षें चुकलों. मोठ्या आवाजाच्या मुलांसच मी पुढारी समजत असें. एकदां या नियमानें स्नेहसंमेलनाच्या खर्चाचा विचार चालला असतां, नेहमीं मागील बांकावर बसणारा एक मुलगा केवळ पाळी आली म्हणून बोलला. आणि ज्यांस वर्गणी देतां येत नाहीं ते त्या दिवशीं घरींच राहतात, हें आम्हांस प्रथम कळलें. वर्गणी ऐच्छिक ठरली. त्याचें आजवरचें मौन आमच्या सोयीचें होतें, ही गोष्ट मला अजून टोंचते.

यांत अभ्यासाचा वेळ जातो, असें पालक म्हणतील. जातो खरा, आठवड्यांतून एक तास. नुसत्या नियमांनीं पुढारी निर्माण होतो, असेंही माझें म्हणणें नाहीं. परंतु उद्यां हेच तरुण ग्रामपंचायतींत, पतपेढींत, कचेरींत बसतील. गरिबाची पाळी येण्यापूर्वीं सभा संपूं द्यावयाची नाहीं, एवढी संवय त्यांस लागली, तर तो तास व्यर्थ गेला असें कोण म्हणेल ?