चर खोदले, पुढे काय?

पानी फाउंडेशनने सन २०१६ ते २०१९ पर्यंत घेतलेल्या ‘वॉटर कप’ स्पर्धेत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील गावेही उतरली होती. ग्रामस्थांनी व तरुणांनी ऐन वैशाखात श्रमदान करून माळावर समतल चर खोदले, हे स्तुत्य होय. परंतु स्पर्धा संपली तरी चरांत गाळ साचावयाचा थांबत नाही. आणि चर बुजला की पाणी पूर्ववत् सुपीक माती घेऊन नाल्यास मिळते. म्हणून तरुण मंडळ, ग्रामपंचायत व शेतकरी यांची कायमची जूट गावोगावी व्हावी, असे आम्हांस वाटते. तरुणांनी मृगापूर्वी गाळ उपसावा, पंचायतीने अवजारे पुरवावीत, आणि आपण जमीनधारकांनी बांधासाठी धुऱ्यावरील दोन हात जागा देण्यास का-कू करू नये. ज्यांच्या विहिरीस पाणी वाढावयाचे, त्यांनीच अडवणूक केल्यास पोरांस कोणत्या तोंडाने बोलवावे?