पैसे देऊन पडायला?

आमच्या वर्गातल्या पुष्कळ आई-बाबांना वाटते की मुलींनी कराटे शिकावे, आयकिडो नको. का, तर त्यात स्पर्धा नाहीत, पदके नाहीत! मला हे पटत नाही. जपानमध्ये मोरिहेई उएशिबा (१८८३-१९६९) यांनी ही कला घडवली, त्यांना स्पर्धा नकोच होत्या. (तोमिकींच्या शाखेत मात्र होतात.)

सुरुवातीला शिकवतात ते ‘उकेमी’, म्हणजे पडणे. हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि खांद्यावरून तिरकी कोलांटी. आजी म्हणाली, “पैसे देऊन पडायला जातेस होय?” हो आजी! इथे हिवाळ्यात बर्फावरून घसरताना गुंड नसतो, पण डोके तर वाचवायचे असते. ‘कोतेगाएशी’त समोरच्याचे मनगट बाहेर वळवून त्याला पाडतात. आधी त्याचा तोल घालवावा लागतो, नुसत्या ताकदीने जमत नाही.

माझी एक तक्रार आहे. सरावात डोक्यावरचा वार, ‘शोमेनउची’, मैत्रिणी फार हळू मारतात. वार खरा नसेल तर बचाव कसला शिकणार?

तेव्हा काका-मावश्यांनो, एका दिवसाच्या शिबिरावर भागवू नका, आणि तीन महिन्यांत “अजून पडतेच आहे” म्हणून मुलीचे नावही काढू नका.